पिशवी पाण्यापासून भरावी

बुलढाणा जिल्ह्यात डोंगराला जायचं म्हटलं की आधी विचारावं लागतं, कोणत्या डोंगराला? दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहे. बुलढाणा शहर तिच्याच माथ्यावर वसलंय, आणि मढजवळ बुधनेश्वराला पैनगंगेचा उगमही याच रांगेत आहे. उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेवर सातपुडा आडवा पसरलाय. मधल्या सखल काळ्या पट्ट्यातून पूर्णा पश्चिमेकडे तापीला भेटायला जाते. इथली माणसं जिल्ह्याची सरळ वाटणी करतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. मी दोन्हीकडे हिंडतो, आणि वेगवेगळ्या ऋतूंत. डोंगर बदलला की पिशवीतलं सामान बदलतं. एक गोष्ट मात्र कुठेही बदलत नाही. पिशवी पाण्यापासून भरायला घ्यावी. आधी पाणी, मग उरलेल्या जागेत बाकीचं जग.

पुण्या-मुंबईचे मित्र येतात ते सह्याद्रीची यादी पाठ करून येतात. रेनकोट, दोर, तंबू, झोपायची पिशवी, चॉकलेटं, आणि पाण्याची एक बाटली. सह्याद्रीत हे चालून जातं, कारण तिथल्या बहुतेक गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत आणि पायथ्याची गावं जवळजवळ आहेत. इकडे पाऊसच मुळात बेताचा, वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर. संक्रांत उलटली की डोंगरातले बहुतेक नाले कोरडे पडतात, साग पानं टाकायला लागतो, आणि दुपारी उभं राहायला सावली मिळत नाही. मार्चनंतर तर हा डोंगर खालून तापतो आणि वरूनही तापतो. काळा बेसॉल्ट दिवसभर ऊन पितो.

सातपुड्याकडे जायचं तर रेल्वेने नांदुऱ्याला किंवा शेगावला उतरायचं आणि एसटीने जळगाव जामोद नाहीतर संग्रामपूर गाठायचं. हा प्रवास खारपाणपट्ट्यातून होतो, आणि पिशवीचा पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही पट्टी. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ इथे फार खोल आहे, त्यात मुरलेलं पाणी सहजी वाहून जात नाही, आणि क्षार तिथेच साठत राहतात. बोअरचं पाणी दिसायला नितळ, तोंडात घेतलं की मचूळ. हेच पाणी पिढ्यान्‌पिढ्या पिऊन या भागात किडनीच्या आजाराने घरंच्या घरं पोळली आहेत. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली ती याच दुखण्यावर. चालून घामेजलेल्या माणसाने असं खारं पाणी प्यालं तर तहान भागत नाही, उलट वाढते. म्हणून बाटल्या रस्त्यातल्या कुठल्याही हापशावर भरू नयेत. जिथे मुक्काम केला तिथून, पिण्याचं गोडं पाणी भरूनच निघावं.

गंमत अशी की डोंगराच्या अगदी पायथ्याशी पोचलं की पाणी पुन्हा गोड होतं. सातपुड्यातून उतरणारे नाले इथे मोठाले गोटे आणि रेती टाकतात, त्यातून पाणी झपाट्याने खाली जातं. ते खोल असतं, पण गोड. सोनाळ्याकडच्या संत्र्याच्या बागा याच पाण्यावर उभ्या आहेत. बागेत कोणी काम करत असेल तर रामराम घालावा आणि पाणी मागावं. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

किती पाणी? थंडीत माणशी तीन लिटर, होळीनंतर पाच. एक लिटर म्हणजे एक किलो, हे पाठीला लगेच कळतं. पहिल्या चढावर पाच किलो पाणी जड वाटतं, आणि दुपारी दोन वाजता त्याच्याइतकं हलकं ओझं दुसरं नाही. सगळं पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये घेऊ नये. कॅन फुटला की सगळंच गेलं. मी दोन-तीन बाटल्या घेतो आणि एक छागल. छागल आता दुकानात सहज मिळत नाही, पण जाड कापडाची ही जुनी पाण्याची पिशवी अजून काही घरांत खुंटीला टांगलेली दिसते. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडून जातं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एप्रिलच्या उन्हात प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी चहासारखं होतं, छागलेतलं मात्र गार राहतं. थोडं पाणी झिरपून वाया जातं हे खरं. त्यामुळे छागल पहिल्यांदा संपवायची आणि बाटल्या मागे ठेवायच्या.

जळगाव जामोदहून वर भिंगारा, चाळीसटापरी, गोमाळ ही भिलाला-बारेला लोकांची वस्ती आहे. तिकडच्या वाटेवर माझ्या सोबत एक भिलाला वाटाड्या होता, वयाने माझ्याहून थोडा मोठा. निघण्याआधी त्याने माझी पिशवी हातात घेऊन तोलून पाहिली.

"भाऊ, एवढं कायले घेतलं? पानी किती हाय ते सांगा."

मी सांगितलं.

"मंग ठीक हाय. कपडे इथंच ठिवा. डोंगरात तुमाले कोन पाह्यते?"

त्याच्या स्वतःजवळ खांद्यावर कुऱ्हाड होती, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, त्याच फडक्याच्या एका टोकाला बांधलेली मक्याची भाकर, आणि प्लॅस्टिकची एक बाटली. बस. पण त्याचं कमी सामान बघून आपणही कमी न्यावं, हा हिशेब चुकीचा आहे. त्याला पाण्याची प्रत्येक जागा ठाऊक होती. नाल्याच्या वळणावर, जिथे रेती जरा ओलसर दिसते, तिथे त्याने हाताने झिरा उकरला. कोपरभर खोल गेल्यावर तळाशी पाणी गोळा व्हायला लागलं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, दुसरंही टाकलं, मग तिसऱ्या भरण्याला नितळ पाणी आलं. त्याची पिशवी हलकी होती कारण अर्धं सामान त्याच्या डोक्यात होतं. आपल्याकडे ते नाही, म्हणून आपल्याला ते पाठीवर न्यावं लागतं.

झिऱ्याचं पाणीही मी तसंच पीत नाही. नाल्यात वरच्या बाजूला गुरं बसतात, जनावरं पाण्याला येतात. चौपदरी सुती फडक्यातून गाळायचं, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. चूल पेटवता येईल अशा गावात असलो तर उकळायचं. गाळायचं फडकं वेगळं ठेवावं, त्याने घाम पुसू नये. शिवाय एका छोट्या डबीत मीठ आणि एका पुडीत साखर. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण जगभर मान्य झालेलं आहे. चमचा सोबत न्यावा, कारण अंदाजाने मीठ जास्त पडलं तर फायद्याऐवजी अपाय होतो.

खाण्याचं म्हणाल तर शेगावला उतरलेल्या माणसाला कचोरी घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. घ्यावी, स्टेशनवर गरम गरम खावी, पण पिशवीत टाकू नये. तळलेलं, तिखट, मिठाचं खाणं डोंगरात पाणी मागतं. माझ्या पिशवीत दशम्या असतात. दुधात पीठ मळलेली दशमी दोन दिवस मऊ राहते. ज्वारीची भाकर पहिल्या दिवसापुरती, कारण दुसऱ्या दिवशी ती कडक होते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदे, गूळ, फुटाणे आणि दोन लिंबं. ठेचा कितीही आवडत असला तरी चिमूटभरच. गूळ-फुटाणे खिशात हाताला लागतील असे ठेवावेत, पिशवीच्या तळाशी नव्हे. थकलेला माणूस पिशवी उघडायचा कंटाळा करतो आणि उपाशी चालत राहतो.

ज्यांच्या ओसरीवर रात्र काढायची त्यांच्यासाठीही पिशवीत जागा हवी. चहापत्ती, साखर आणि मिठाचा पुडा न्यावा. डोंगरावरच्या घराला या गोष्टींसाठी आठवडी बाजाराला खाली उतरावं लागतं, आणि पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय ते राहत नाहीत. आपण आणलेली साखर त्यांच्या डब्यात गेली की तो चहा निःसंकोच पिता येतो.

आता कपडे. दिवाळीच्या सुमारास डोंगर सोनेरी दिसतो तो कुसळी गवताने. हे कुसळ साधं नाही. त्याच्या टोकाला भाल्यासारखी बी असते आणि मागे पीळ असलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत ते कापडात, मोज्यात, मग कातडीत घुसतं. लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घातले तर तासाभरात पाय टाकवत नाही. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घालावी आणि मोज्यांवरून पोटरीपर्यंत कापडी पट्टी गुंडाळावी. जुने वनरक्षक अशा पट्ट्या बांधत, ते उगीच नव्हतं. खाजकुयलीच्या शेंगा थंडीत पिकतात. तपकिरी मखमल पांघरलेल्या या शेंगा इतक्या देखण्या दिसतात की नवखा माणूस हात लावतोच. तिची लव अंगाला लागली तर खाजवायचं नाही, पाणीही ओतायचं नाही. चिकटपट्टी दाबून उचलायची, लव पट्टीला चिकटून निघते. म्हणून चिकटपट्टीचं एक भेंडोळं माझ्याकडे कायम असतं. तुटलेला पट्टा, फाटलेला बूट, सगळ्याला तेच चालतं.

बूट घोट्याच्या वर जाणारे आणि जाड तळव्याचे. इथल्या वाटांवर सुट्या दगडांचा मुरूम आहे, उतारावर पाय घसरतो. दगडांच्या कपारीत फुरसं असतं. ते हातभरही नसतं आणि दगडाच्याच रंगाचं असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष लस चालते, पण ती रुग्णालयात. पिशवीत तिचं काही काम नाही. पिशवीत विजेरी हवी, ताज्या सेलसह, आणि अंधार पडल्यावर चार पावलं जायचं तरी ती पेटवूनच जावं. मोबाईलच्या दिव्यावर भरवसा ठेवू नये. डोंगरात रेंज शोधत शोधत मोबाईलची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते.

थंडीची रात्र पाहुण्याला फसवते. दुपारी सदरा घामाने भिजलेला असतो, त्यामुळे लोकरीचं काही घ्यावंसं वाटत नाही. सूर्य बुडाला की आकाश निरभ्र असल्याने जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. एक घोंगडी पुरते. ती खाली अंथरता येते, अंगावर घेता येते, आणि दव पडलं तरी लोकर आतून ऊब देते.

अजिंठ्याच्या रांगेकडे वळलं की पिशवीतून काही गोष्टी काढाव्या लागतात. बुलढाणा आणि खामगावच्या मधे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली जाहीर झालेलं. पलढग आणि माटरगावचे जलाशय त्याच्या पोटात आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून २०१९ साली निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरणा वाघ तेलंगणात जाऊन, शेतं, रस्ते, नद्या ओलांडत शेवटी इथेच येऊन राहिला. एकूण तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालला तो. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. पण ज्ञानगंगेचा खरा धनी अस्वल आहे. अस्वलाला नजर कमी, आणि वारूळ उकरताना ते इतकं गुंग असतं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. कळतं तेव्हा ते घाबरून अंगावर येतं. नाक मात्र विलक्षण. म्हणून मध, पिकलेली फळं, मोहाची फुलं, असलं काही पिशवीत नको. अत्तर आणि वासाचं तेलही घरी ठेवावं. ते अस्वलासाठी जितकं, तितकंच कड्यांवरच्या आग्या मोहोळासाठी. माशा उठल्या तर अंगभर ओढायला एक जाड चादर हवी. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा वेचणारे आणि अस्वल दोघंही भल्या पहाटे त्याच झाडाखाली येतात. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नये, हातात काठी असावी, आणि सोबतच्यांशी साध्या आवाजात बोलत चालावं.

अभयारण्यात मन मानेल तिथे पायी फिरता येत नाही. ज्ञानगंगेत काय किंवा उत्तरेला मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येणाऱ्या अंबाबरवा अभयारण्यात काय, वन विभागाची परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत लागतो. ओळखपत्र आणि त्याची छायांकित प्रत पिशवीच्या वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी. सुटे पैसेही तिथेच. आणि एक रिकामी कापडी थैली, आपला कचरा परत आणायला. पाणवठ्याच्या काठी पडलेलं वेफर्सचं पाकीट मिठाच्या वासाने चितळ चाटतं आणि गिळतं. ते मला बघवत नाही.

लोणारला जाणाऱ्यांना वाटतं, तळ्याकाठी जायचंय तर पाणी कशाला न्यायचं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर, तळाशी एवढं मोठं सरोवर, आणि त्यातला थेंबही पिण्याजोगा नाही. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, सोड्यासारखं आणि खारं. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांनी सगळं सरोवर गुलाबी केलं होतं. गोड पाणी आहे ते वर काठाजवळच्या धार नावाच्या झऱ्याला. बाटल्या विवरात उतरण्याआधीच भरलेल्या असाव्यात, म्हणजे तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाऊन पुन्हा चढून येताना ओठ सुकत नाहीत. काठावर वेड्या बाभळीचे काटे पसरलेले असतात. पातळ चपलेच्या तळव्यातून ते आरपार जातात.

पावसाळ्यात सातपुडा हिरवागार होतो आणि धबधब्यांच्या ओढीने सगळे निघतात. त्या दिवसांत पिशवीपेक्षा आकाशाकडे बघणं महत्त्वाचं. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत असा पाऊस झाला की डोंगरातून आलेलं पाणी गावांत शिरलं, शेतं खरवडून गेली, गुरं वाहून गेली. इथले नाले तासाभरात भरतात. पाऊस वर, डोंगरात पडलेला असतो आणि खाली ऊन असतं, तरीही पूर येतो. म्हणून दोर नेऊन नाला ओलांडायचा विचार मी करत नाही. मी जास्तीची एक भाकर नेतो, म्हणजे पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर बसता येतं. दोन-चार तास थांबायची तयारी पोटाला असली की घाई करावीशी वाटत नाही.

पिशवी कोणती, हेही लोक विचारतात. दोन्ही खांद्यांवर बसणारी आणि कमरेला पट्टा असलेली पाठपिशवी उत्तम. नसेल तर वारकऱ्यांची पडशी काही कमी नाही. पुढे एक खण, मागे एक खण, ओझं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं, आणि पुढच्या खणातलं पाणी न थांबता काढता येतं. शेगावच्या पालखीबरोबर पंढरीला जाणारी म्हातारी माणसं पडशी घेऊन दिवसामागून दिवस चालतात, ते बघितल्यापासून तिच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

राहिली चादर. ती मी सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत पारखून घेतो. वर गोमाळसारख्या पाड्यांत कुणी आजारी पडलं की गाडी दारापर्यंत येईल याची खात्री नाही. अतिसाराच्या साथीत इथल्या माणसांनी आपले रुग्ण झोळीत घालून डोंगर उतरवले आहेत. जाड चादरीची दोन टोकं एका मजबूत बांबूला किंवा सागाच्या दांडक्याला बांधायची, मधे माणूस झोपवायचा, पुढे एक आणि मागे एक खांदा. उतारावर पुढच्याने उंच धरायचं, मागच्याने खाली. फार लांब कुणीच एका दमात नेऊ शकत नाही, म्हणून खांदे बदलायला निदान सहा जण लागतात. रेंज मिळेल त्या टेकाडावर एकाने आधी पळत जाऊन १०८ ला फोन करायचा आणि गाडी कुठल्या फाट्यावर उभी करायची ते नीट सांगायचं. फाट्याचं आणि पायथ्याच्या गावाचं नाव मी कागदावर लिहून खिशात ठेवतो. चादर विकत घेताना दोघांनी दोन टोकं धरून जोरात ओढून बघायची आणि एखाद्याला तिच्यात बसवून उचलून बघायचं. शिवण उसवली तर ती चादर घरी, बिछान्यावर. डोंगरात न्यायची ती दुसरी घ्यायची.